आमच्यात आजा झालाच न्हाई

अनोळखी माणसाला वेळ विचारा, रस्ता विचारा, फार काय पगार विचारा, तो सांगतो. पण 'तुमच्या पणजोबांचं नाव काय हो?' असं विचारून बघा! माणूस आधी मागं वळून बघतो. मग तुमच्या हातातल्या वहीकडं बघतो. आणि त्यानंतर जे काही होतं त्याचा किस्सा होतो. माझ्याकडं असे किस्से इतके साठलेत, की घरात पाहुणे आले की पोरं म्हणतात, "आई, ते अमेरिकन बाईचं सांग की!" आणि पाहुण्यांना माझ्या ताब्यात देऊन स्वतः सटकतात.

गोष्ट सत्तरच्या दशकातली. मी इंग्रजी घेऊन नुकतीच बी.ए. झाले होते. लग्न ठरत नव्हतं आणि नोकरी मिळत नव्हती, त्यामुळं घरच्यांना कुठल्या काळजीला आधी हात घालावा ते कळत नव्हतं. अशात वडिलांच्या ओळखीतून निरोप आला, की विद्यापीठात एक अमेरिकन बाई आलीय आणि तिला दुभाषी पाहिजे. काम काय? तर गावोगाव फिरून लोकांच्या वंशावळी गोळा करायच्या.

वडील म्हणाले, "तिला आपल्या वंशावळी कशाला पायजेत?"

पुढं दीड वर्ष आम्हाला जो भेटला त्यानं हाच प्रश्न विचारला.

बाईचं नाव रूथ. वय तिशीचं. ओक्लाहोमाकडची. मराठी शिकून आली होती, पण सगळं पुस्तकातून. पहिल्याच दिवशी तिनं माझ्या वडिलांना विचारलं, "कृपया आपल्या प्रपितामहांचे शुभनाम सांगाल का?" वडिलांनी घाबरून चष्मा पुसायला काढला. तेव्हा माझं काम हे, की रूथचं मराठी मराठीत आणायचं.

आमच्यात आणखी दोघं होते. एक जोशी गुरुजी. शाळेतून रिटायर झालेले, मोडी वाचण्यात एक नंबर. आणि दुसरा शामराव, भाड्याच्या जीपचा ड्रायव्हर. ह्या शामरावाचा जगात कुणावर म्हणून विश्वास नव्हता. पेट्रोल पंपावर काट्याकडं बघायचा, आणि पंपवाल्याकडं बघायला मला उभं करायचा.

*

परदेशी माणूस राहायला आला की पोलिसांकडं नोंद करावी लागायची. रूथ, मी आणि शामराव असे तिघं गेलो. समोर फौजदार. त्यांनी आमच्या तिघांकडं बघितलं, आमच्या पाठीमागं बघितलं आणि विचारलं, "अमेरिकन कुठाय?"

"ह्याच," मी म्हटलं.

रूथ काही गोरी नव्हती. तांबूस रंग, गालाची हाडं वर आलेली आणि काळ्याभोर केसांची एकच वेणी, पार कमरेपर्यंत.

"ह्या? ह्या तर आमच्या गावाकडच्या वाटत्यात!"

रूथला एवढं मराठी कळलं. ती खूष होऊन म्हणाली, "मी इंडियन आहे!"

फौजदारांनी पेन खाली ठेवलं. दारातल्या हवालदाराकडं बघितलं. हवालदार दाराच्या मधोमध येऊन उभा राहिला.

"पासपोर्ट अमेरिकेचा आणि म्हणतीया इंडियन. काय भानगड हाय?"

मी सांगायला लागले. ह्या चेरोकी आहेत. म्हणजे अमेरिकेतले मूळचे लोक. गोरे नंतर आले. कोलंबस हिंदुस्थान शोधायला निघाला, रस्ता चुकला आणि तिकडं पोचला. त्याला वाटलं हाच हिंदुस्थान, म्हणून तिथल्या लोकांना तो इंडियन म्हणाला.

फौजदारांनी सगळं शांतपणे ऐकलं. "म्हंजे रस्ता त्यो चुकला आणि नाव ह्यांचं बदललं?"

"हो."

"आणि इतक्या वर्सांत कुणी दुरुस्तीचा अर्ज केला न्हाई?"

मी रूथला इंग्रजीत सांगितलं. रूथ हसता हसता खुर्चीवरून पडायची राहिली. फौजदार मात्र हसले नाहीत. निघताना मी रजिस्टरमध्ये डोकावले. राष्ट्रीयत्व: अमेरिकन. शेरा: इंडियन असल्याचे सांगते. लक्ष ठेवावे!

*

कामाला सुरुवात केली ती कागलजवळच्या एका गावापासून. पारावर एक आबा बिडी ओढत बसले होते. वय ऐंशीच्या पुढं, चेहरा मायाळू. मला वाटलं, पहिलंच गिऱ्हाईक चांगलं मिळालं!

"आबा, तुमच्या वडलांचं नाव काय?"

"तुकाराम."

"आणि त्यांच्या वडलांचं?"

आबांनी बिडी विझवली. "कशाला?"

"अभ्यासाला."

"कुणाच्या?"

"ह्या बाईंच्या."

आबांनी रूथला वरपासून खालपर्यंत बघितलं. "बाईस्नी जमीन पायजे व्हय?"

"नाही हो!"

"मग सर्व्हे नंबर कशाला इचारताय?"

"सर्व्हे नंबर कुठं विचारला? आजोबांचं नाव विचारलं!"

"त्येच की! आज नाव इचारताय, उद्या नंबर इचारशीला."

त्या दिवसांत कूळकायदा आणि सिलिंग हे दोन शब्द ऐकले की माणसं दार लावून घेत. वही घेऊन आलेला माणूस म्हणजे जमिनीवर आलेला माणूस, हे गणित पक्कं. मी परत परत समजावलं. जोशी गुरुजींनी जानवं धरून शपथ घेतली. शेवटी आबा कंटाळले आणि म्हणाले, "हे बगा पावणं, आमच्यात आजा झालाच न्हाई!"

"अहो आबा, आजोबा नाहीत तर तुमचे वडील कुठनं आले?"

"ते मला काय ठावं? मी तवा हुतो व्हय?"

शामराव म्हणाला, "लिवा ताई, थेट वरनं पडलं!"

आम्ही हात जोडले आणि जीपमध्ये बसलो. गावाबाहेर पडतोय तोवर एक माणूस धोतर सावरत जीपच्या मागं पळत आला. तो आबांचा चुलतभाऊ निघाला. धापा टाकत त्यानं विचारलं, "आबानं काय सांगितलं? आजा न्हवता म्हनाला?"

"हो."

"साफ खोटं बोलतोय! आजा हुता." त्यानं आजूबाजूला बघितलं आणि आवाज खाली आणला. "पर त्यो फकस्त आमचा हुता!"

*

शामरावाला पहिल्या आठवड्यातच खात्री पटली, की रूथ अमेरिकेची हेर आहे. तिला तो 'रुतबाई' म्हणायचा. जीप चिखलात अडकली की स्टिअरिंगवर हात मारून म्हणायचा, "नावच तसलं असल्यावर काय हुनार!"

एकदा तो जोशी गुरुजींच्या घरी गेला. दार लावून घेतलं. शर्टाच्या आतून एक कागद काढला. "गुरुजी, हे बगा. रुतबाईच्या फायलीतनं काढलाय. देशाचा प्रश्न हाय."

कागदावर त्रिकोण होते, गोल होते आणि त्यांना जोडणाऱ्या रेघा होत्या. वंशावळीचा अभ्यास करणारे लोक तशाच खुणा वापरतात. त्रिकोण म्हणजे पुरुष, गोल म्हणजे बाई. पण हे शामरावाला कुठं माहीत?

"गोल म्हंजे विहिरी," तो म्हणाला. "तिरकोन म्हंजे डोंगार. आणि ह्यो बगा, ह्या तिरकोनावर फुली मारलीया. बाँब हितं पडणार!"

गुरुजींनी चष्मा लावला. कागद उजेडात धरला. प्रत्येक खुणेखाली रूथनं बारीक इंग्रजी अक्षरात नाव लिहिलेलं होतं. वाचता वाचता गुरुजींच्या मिशा हलायला लागल्या.

"शामराव, तुझ्या बायकोचं नाव शेवंता का?"

"व्हय. का?"

"मेव्हण्याचं नाव दगडू?"

"तुमास्नी कसं म्हायत?"

"अरे, हा तुझ्या सासरवाडीचा नकाशा आहे! मागच्या आठवड्यात तिनं तुला विचारलं नव्हतं का?"

शामरावानं कागद फिरवून बघितला. पण हार मानणाऱ्यातला तो नव्हता. "मग ती फुली?"

"फुली म्हणजे मेलेला माणूस. तुझा सासरा."

"सासरा? सासरा जित्ता हाय की! परवाच भांडलो त्येच्यासंगं!"

गुरुजी कागद आणि शामराव दोन्ही घेऊन आमच्याकडं, जीपपाशी आले. चूक झाली असेल तर दुरुस्त करायला पाहिजे. रूथनं आपली वही काढली, पान शोधलं आणि म्हणाली, "नाही, हे शामरावांनीच सांगितलं. मी विचारलं, सासरे आहेत का? ते म्हणाले, मेला."

सगळ्यांनी शामरावाकडं बघितलं.

शामराव टायरला लाथ मारत म्हणाला, "माझ्यापुरता मेला म्हनलं हुतं!"

रूथनं फुली खोडली नाही. तिच्याभोवती एक गोल काढला आणि शेजारी लिहिलं, 'जावयापुरता'.

*

पेठ वडगावात मात्र आमचं भलतंच स्वागत झालं. एका व्यापाऱ्याच्या घरी आम्ही आगाऊ कळवलं होतं, की घराण्याची माहिती घ्यायला येतोय. गेलो तर दारात रांगोळी! आत केळीची पानं मांडलेली. पुरणपोळी, कटाची आमटी, तूप वाढायला स्वतः शेटजी. जेवण झाल्यावर पानाचं तबक आलं आणि शेटजींनी माहिती द्यायला सुरुवात केली.

काय ती वंशावळ! एक पूर्वज हत्तीवरून फिरणारे. दुसऱ्यांनी मठाला गाव दान दिलेलं. घराण्यात कुणाला खोकलासुद्धा झालेला नाही, सगळे नव्वदीच्या पुढं जाऊन बसल्या जागी गेलेले. मी लिहून लिहून दमले. तेवढ्यात शेटजींची मुलगी चहाचा ट्रे घेऊन आली. नवी साडी, मान खाली. तिनं रूथला वाकून नमस्कार केला. शेटजी म्हणाले, "सैपाक, भरतकाम, समदं येतं. मॅट्रिक झालीया. रंगाला फोटोपेक्षा उजवीच हाय."

रूथनं मला विचारलं, "ही माहिती वंशावळीत कुठं लिहायची?"

मला काय झालंय ते कळलं. ह्या लोकांना वाटलं होतं, की आम्ही मुलाकडून घराण्याची चौकशी करायला आलोय! शेटाणीबाई रूथकडं संशयानं बघत होत्या. ही मुलाची कोण म्हणून? मावशी म्हणावं तर लहान आणि बहीण म्हणावं तर मराठी अशी काय? मी खरं सांगायला तोंड उघडलं, पण शामरावानं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. "ताई, आता सांगितलं तर खाल्लेलं काढून घेतील!"

आम्ही तसेच निघून आलो. मनाला लागून राहिलं म्हणून चार दिवसांनी मी आणि गुरुजी माफी मागायला परत गेलो. शेटजी ओट्यावरच बसले होते. डोक्याला हात लावून.

झालं होतं असं, की दुसऱ्या दिवशी खरोखरचे मुलाकडचे आले. आले आणि म्हणाले, "घराण्याची माहिती घ्यायला आलोय." शेटजींना वाटलं, हे कुणीतरी भामटे, आयतं जेवायला आलेत. त्यांनी दारातूनच हाकलून दिलं!

"काय म्हणून हाकललंत?" गुरुजींनी विचारलं.

"काय म्हणून म्हंजे? म्हटलं, माहिती कालच दिलीया. पायजे आसंल तर त्या वेणीवाल्या बाईकडनं नक्कल घ्या!"

मुलाकडच्यांची समजूत घालायला मग गुरुजी स्वतः गेले. लग्न झालं. त्या लग्नात रूथ वरपक्षाकडून जेवली, वधूपक्षाकडून आहेर घेतला आणि दोन्हीकडच्यांनी एकमेकांना विचारलं, "ही तुमच्यातली ना?"

*

मलकापूरहून एक गृहस्थ जोशी गुरुजींकडं आले. बरोबर दोन भाऊ आणि एक पितळी डबा. डब्यात रेशमी कापड, कापडात कागद. मोडीतला. कागदावर हळदीकुंकवाचे थरच्या थर. तीन पिढ्या तो देवघरात होता आणि दसऱ्याला त्याची पूजा व्हायची. सगळ्यांना वाटायचं, की ती पणजोबांना मिळालेली सनद आहे. रूथला जुने कागद पाहिजेत असं ऐकून ते आले होते. वाचून घ्यायचं, पण कागद हातात द्यायचा नाही, ही अट. एक भाऊ कागद धरून बसला, दुसरा भाऊ त्या भावावर नजर ठेवून बसला.

गुरुजी मान वाकडी करून वाचायला लागले. थोडं वाचलं आणि थांबले.

"काय लिवलंय?"

"जरा अस्पष्ट आहे," गुरुजी म्हणाले.

"अस्पष्ट काय न्हाई. तुमी लपवालाय!"

गुरुजींनी माझ्याकडं बघितलं, रूथकडं बघितलं आणि घसा साफ केला. "ही सनद नाही. हुकूम आहे. तुमच्या पणजोबांचं नाव आहे, आणि पुढं लिहिलंय, की सदरहू इसम भांडखोर असून बाजारात दंगा करतो. यास पुन्हा वेशीच्या आत घेऊ नये."

मला तर कुठं बघावं ते कळेना. तीन पिढ्यांची हळद आणि कुंकू डोळ्यांसमोर दिसत होतं.

थोरला भाऊ हळूच म्हणाला, "हुकूम कुणी काढलाय?"

"खाली शिक्का आहे. दरबाराचा."

"म्हंजे खुद्द दरबाराला आमच्या पणज्याचं नाव ठावं हुतं?"

"हो. तसंच म्हणायला पाहिजे."

तिघांनी एकमेकांकडं बघितलं. थोरल्यानं कागद कपाळाला लावला, रेशमात गुंडाळला, डब्यात ठेवला आणि छाती काढून उठला. "बघा! आमी म्हनत हुतो की न्हाई?"

*

माझ्या आईनं रूथला सहा महिने घराच्या पहिल्या खोलीच्या पुढं येऊ दिलं नव्हतं. राग नव्हता, नुसता संशय. "लग्न न झालेली बाई आई-बापाला सोडून दुसऱ्यांचे बाप मोजत फिरतीया. कायतरी असणार!"

एका दुपारी रूथ मला भेटायला आली. मी दळण आणायला गेले होते. परत आले तर दोघी समोरासमोर बसलेल्या, आई शेंगा फोडतीय आणि रूथपण फोडतीय. आईनं तिला थेट विचारलं होतं, "खरं सांग. ह्या वंशावळीत तुझं काय अडकलंय?"

रूथ तेव्हा पहिल्यांदा स्वतःबद्दल बोलली. अडलं तिथं मी शब्द दिले.

तिच्या पणजीच्या वेळेला सरकारनं चेरोकी लोकांची यादी करायला घेतली. कारकून येणार, नाव लिहून घेणार. ज्याचं नाव यादीत, तो चेरोकी. त्याला जमिनीचा तुकडा मिळणार. आधी ती सगळी जमीन चेरोकींचीच होती, सगळ्यांची मिळून. पणजीचा त्या यादीवर विश्वास बसला नाही. कारकून घोड्यावरून येताना दिसला की ती पोरांना घेऊन रानात जाऊन बसायची. तीनदा आला, तिन्ही वेळेला घर रिकामं. चौथ्यांदा तो आलाच नाही.

"म्हणून आमचं नाव यादीत नाही," रूथ म्हणाली. "आमचं घर चेरोकी बोलतं, सगळं चेरोकींचं करतं. पण कागदावर आम्ही कुणीच नाही. माझी आई कचेऱ्यांमध्ये कागद शोधून थकली. शेजारचे लोक म्हणतात, तुमची पणजी चेरोकी होती कशावरून?"

आईचा हात शेंगेवर थांबला. "मग पणजीनं नाव का न्हाई दिलं?"

"ती म्हणायची, यादी करणारे आधी येतात. त्यांच्या मागनं जमीन घेणारे येतात."

"आणि आले?"

"आले. यादीतल्या लोकांच्या जमिनी थोड्या वर्षांत दुसऱ्यांकडं गेल्या."

आईनं शेंग फोडली, दाणे सुपात टाकले आणि म्हणाली, "शाणी हुती की मग!"

रूथ हसली. मग हसता हसता तिचे डोळे भरले. ती म्हणाली, सगळ्या घरानं आजवर त्या पणजीला दोष दिला होता. शहाणी कुणी म्हटलं नव्हतं.

आईनं तिला पदर दिला डोळे पुसायला. आणि त्या दिवसापासून रूथ स्वयंपाकघरात जेवायला लागली. पण दाराआड मला आई म्हणालीच, "पोरगी चांगली हाय. तरी तू आपल्या घराची नावं तिला सगळी सांगू नकोस!"

*

आता हेळव्याचं सांगते.

कर्नाटकाच्या सीमेकडच्या गावांत हेळवी लोक फिरतात. घराण्यांच्या वंशावळी जपणं हेच त्यांचं काम. त्यांची घरं ठरलेली. सुगी झाली की बैलावर बसून यायचं, दारात त्या घराच्या पिढ्या म्हणून दाखवायच्या, नव्या जन्मलेल्या पोरांची नावं चोपडीत चढवायची, धान्य घ्यायचं आणि पुढच्या दारी जायचं. रूथ खरी आली होती ती ह्यांच्यासाठी. आणि दीड वर्षात एक हेळवी आमच्या हाताला लागला नव्हता!

त्या भागात सिद्दाप्पा नावाचा हेळवी फिरायचा. आम्ही गावात गेलो की लोक सांगायचे, "कालच गेला." दुसऱ्या गावात गेलो की, "आत्ता हुता की!" पुढं कळलं, की कुणीतरी त्याच्या कानावर घातलं होतं, एक बाई जीप घेऊन चोपडी पळवायला आलीय. जीपचा आवाज आला की तो बैलासकट उसात शिरायचा.

रूथ परत जायला आठवडा राहिला होता. कागलच्या पलीकडच्या एका गावात तो आल्याचं कळलं. शामरावानं जीप गावाबाहेर आंब्याखाली लावली आणि आम्ही चौघं चालत गेलो. पाटलांच्या दारात बैल उभा होता, गळ्यात घुंगरं. ओट्यावर सिद्दाप्पा. साठीचा, लाल पटका, खणखणीत आवाज. तो पाटलांच्या चौदा पिढ्या एका दमात म्हणत होता. आम्ही दिसलो आणि आवाज बंद! चोपडी मांडीखाली गेली.

"चोपडी द्यायची न्हाई, अक्का," तो रूथला म्हणाला. आमच्याकडं सीमेवर मोठ्या बहिणीला अक्का म्हणतात, आईला अव्वा.

"चोपडी नको. मला फक्त ऐकायचं आहे."

"ऐकून लिवशील."

रूथनं वही माझ्या पिशवीत टाकली. "नाही लिहिणार."

"मग डोस्क्यात लिवशील." त्यानं तिच्याकडं रोखून बघितलं. "दुसऱ्याच्या पिढ्या इचारत फिरालीस. तुझ्या किती येत्यात? म्हण बघू."

रूथ ओट्यासमोर खाली मांडी घालून बसली. हात जोडले. "मी रूथ. माझी आई मेरी. तिची आई ॲना. तिची आई वाली. तिची आई नॅन्सी. नॅन्सीच्या आईचं नाव आम्हाला माहीत नाही. सैनिकांनी आमच्या लोकांना गावातून काढलं तेव्हा ती पोटातल्या बाळासकट शेकडो मैल चालत आली, एवढंच माहीत आहे."

सिद्दाप्पा वाट बघत राहिला. "झालं? समद्या बायकाच? बाप्ये कुठं गेलं?"

"आमच्यात कूळ आईकडून येतं."

"असं कुठं असतंय व्हय? खोटं सांगालीस तू!"

तेवढ्यात दारातून आवाज आला. "सिद्दाप्पा, माझं नाव हाय का तुझ्या चोपडीत?"

पाटलीणबाई होत्या. मागं सुना, मुली, शेजारणी. सगळ्या दाराआडून ऐकत होत्या.

"हाय की, अव्वा!" सिद्दाप्पानं मांडीखालून चोपडी काढली. बोट फिरवत वाचलं, "बाळगोंडा पाटील, बायकू माणगावच्या घरातली, ल्योक तीन."

"माणगाव हे गावाचं नाव झालं. माझं?"

"तसं लिवत न्हाईत, अव्वा. रीत न्हाई."

"चाळीस वरसं ह्या दारात तुला धान्य कोण घालतंय?"

सिद्दाप्पानं चोपडी मिटली. आत पाटील नुसतेच खोकले.

पाटलीणबाई पायऱ्या उतरल्या. रूथच्या पुढ्यात येऊन बसल्या. "ए बाई, तुझी वही काढ. लिव. मी गंगव्वा. माझी आई बाळव्वा. तिची आई तायव्वा."

मग थोरली सून बसली. मग धाकटी. मग शेजारणी आल्या. एक बाई पाण्याची घागर घेऊन चालली होती. तिनं घागर ओट्यावर ठेवली आणि रांगेत बसली. दीड वर्ष ज्यांच्या तोंडून आम्हाला एक नाव मिळालं नव्हतं, त्या बायका दोन-दोन, तीन-तीन आया सांगत होत्या. कुणाला पुढचं आठवत नव्हतं, तर दुसरी सांगायची, "अगं, ती चंद्रव्वा न्हवं का, भाजी इकायची ती!" रूथचं पेन संपलं. गुरुजींनी आपलं दिलं आणि स्वतः पेन्सिल घेऊन दुसरी रांग सुरू केली. शामराव गुरुजींच्या मागं उभा राहून म्हणाला, "माझ्या आईचंबी घ्या की. आणि शेवंताच्या आईचंबी."

सिद्दाप्पा बैलाशेजारी बसून हे सगळं बघत होता. चोपडी छातीशी धरलेली.

ऊन कलल्यावर बायका पांगल्या. तेव्हा तो उठला. रूथच्या समोर येऊन उभा राहिला, मग खाली बसला.

"लिव, अक्का. सिद्दाप्पा. आई यल्लव्वा."

रूथनं गोल काढला, नाव लिहिलं. वर रेघ ओढली आणि दुसरा गोल काढला. "तिची आई?"

सिद्दाप्पानं तोंड उघडलं. पंचवीस गावांतल्या घरांच्या पिढ्या ह्या माणसाला तोंडपाठ होत्या. तो वर बघत राहिला. बैलानं मान हलवली, घुंगरं वाजली.

"आमी तिला आज्जी म्हणायचो," तो म्हणाला.

रूथ पेन धरून थांबली. तो रिकाम्या गोलाकडं बघत होता. मग एकदम उठला, चोपडी झोळीत टाकली आणि बैलावर बसला.

पाटलीणबाई ओरडल्या, "अरं, धान्य राहिलं की! शेजारची घरं राहिली! कुठं निघालास?"

त्यानं बैल सीमेच्या रस्त्याला वळवला होता. मागं न बघता म्हणाला, "मावशी हाय अजून जित्ती."